दिवाणांचा पेला

सोनवळे संस्थानात दिवाणांनी रंगाचा कारखाना काढला, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ निळकंठ टिपणीस म्हणाले, "यानं गावची विहीर नासेल." खरं बोलण्याचं बक्षीस म्हणून त्यांना हद्दपारी मिळाली. बायको परमुलखातच वारली. म्हातारपणी टिपणीस एकटे परतले आणि लोकांनी त्यांना सभेवर निवडून दिलं.

पहिल्याच बैठकीत दिवाणांनी त्यांच्यापुढे दोन पेले ठेवले. "एकात विहिरीचं पाणी आहे, एकात माझ्या बंगल्यातल्या झऱ्याचं. विहीर नासली म्हणता ना? मग ओळखा, नाहीतर राजीनामा द्या."

दोन्ही पाणी दिसायला नितळ. टिपणिसांनी चव घेतली नाही, वासही घेतला नाही. दोन्ही पेले दिवाणांकडे सरकवत ते म्हणाले, "थोरांच्या आधी आम्ही कसं प्यावं? आधी आपण घ्या."

मान मिळाला म्हणून दिवाण खूश झाले. त्यांनी डावा पेला उचलून घोट घेतला.

"मग उजवीकडचं गावचं," टिपणीस म्हणाले.

सभा हसतच राहिली. दिवाणांना विहिरीची तपासणी मान्य करावी लागली. लोक पांगले, तरी टिपणीस तो उरलेला पेला हातात धरून बसून होते. शेवटच्या आजारात बायको हेच पाणी मागत होती.