काळ्या तारेचा रुसवा

घरोघरी टेपरेकॉर्डर होते, त्या काळची गोष्ट. भिकाजी नावाच्या म्हाताऱ्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला बटण बसवून स्विचबॉक्स केला होता. बटण एकीकडे केलं की स्पीकरवर रेडिओ लागे, दुसरीकडे केलं की टेप. तो रोज संध्याकाळी टेपच लावी. तिच्यात त्याच्या गेलेल्या बायकोचा आवाज होता. "अहो, पुरे ते रेकॉर्डिंग, चहा निवतोय!"

डब्यातली तांबडी तार तो आवाज वाहून नेई. डब्याच्या पत्र्याला जोडलेली काळी तार आवाजात मिसळणारी घरघर तेवढी गुपचूप जमिनीत सोडून देई.

"आवाज मी नेते," तांबडी एकदा तोऱ्यात म्हणाली. "तू नुसती चिकटून बसलीस. तुझ्यावाचून कुणाचं काय अडलंय?"

काळीला ते फार लागलं. "बघच आता," म्हणत तिने अंग आखडलं, तशी तिला पत्र्याशी धरून ठेवणाऱ्या सोल्डरच्या डागातून ती निसटली.

त्या संध्याकाळी स्पीकर नुसता घरघरला. बायकोचा आवाज त्यात बुडून गेला. भिकाजीने डबा उघडून पाहिलाच नाही. आपल्या हातच्या कामावर त्याचा भारी विश्वास. "टेपच झिजली," तो पुटपुटला. "रोज लावून लावून मीच झिजवली गं तुला." त्याने कॅसेट तिच्या जुन्या पातळात गुंडाळून ट्रंकेत ठेवून दिली.

"अगं, चिकट ना परत!" तांबडी रडकुंडीला आली. काळीने जिवाच्या आकांताने अंग ताणलं, पण सोल्डर तापल्याशिवाय धरत नाही.

बाहेर भिकाजीचा चहा निवत होता. त्याला हाक मारणारं आता घरात कुणीच उरलं नव्हतं.