वेशीवरची रिकामी खुंटी

फार पूर्वी एका डोंगरी राज्याच्या वेशीवर एक पहारेकरी होता. राजाने दवंडी पिटवली होती, की झिंग आणणारी कुठलीही वस्तू गावात येता कामा नये, आणणाऱ्याला कोठडी. पहारेकरी येणारं प्रत्येक गाठोडं हुंगायचा आणि सापडलेला माल वेशीवरच्या खुंटीला टांगायचा. साधा सरळ माणूस, हुकूम म्हणजे हुकूम.

एका सकाळी मद्याचे बुधले भरलेली गाडी आली. "महाराजांच्या मेजवानीचं आहे," गाडीवान म्हणाला. पहारेकऱ्याने गाडी सोडली, पण वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. याच मद्यापायी त्याचा सख्खा भाऊ गेला होता. मागोमाग पुजारी भांगेची टोपली घेऊन आला. "देवाचा प्रसाद आहे रे," म्हणाला. तीही गेली.

मग आला एक म्हातारा विणकर. त्याच्या बटव्यात भांगेचाच सुका पाला निघाला.

"हे कशाला, बाबा?"

"बोटं ठणकतात रे लेका. चिमूटभर घेतलं की झोप लागते. माझ्या घरात, माझ्या खाटेवर. कुणाचं काय बिघडतं?"

शेजारी कोतवाल तंबाखू मळत उभा होता. "बघतोस काय? टाक कोठडीत."

पहारेकऱ्याचं डोकं चक्रावलं. त्याने बटवा पुन्हा हुंगला. वास तर टोपलीचाच होता. ओल्या कोठडीत म्हातारा फार दिवस काढणार नाही, हेही त्याला दिसत होतं. तो विणकराला घेऊन थेट दरबारात गेला.

"महाराज, बुधले सोडले, टोपली सोडली. मग या बटव्यालाच कोठडी का?"

"अरे, ते वेगळं."

"कसं वेगळं, महाराज?"

"हुकूम आहे ना? मग टाक," राजा चिडून म्हणाला.

पहारेकऱ्याने भाला खाली ठेवला. "मग कडी महाराजांनीच लावावी. कारण सांगता येत नसताना याला आत लोटायला माझा हात धजावत नाही."

राजा तरातरा कोठडीपाशी गेला. म्हातारा आत शिरला. राजाने कडीला हात घातला.

"का, महाराज?" विणकराने विचारलं.

राजाने कडीवरचा हात काढला. पहारेकऱ्याकडून बटवा घेऊन म्हाताऱ्याला परत देत म्हणाला, "बाबा, मलाही कळेना. तुम्ही घरी जा."

हुकूम त्याच दिवशी मागे घेतला गेला. नवा कसा असावा, यावर दरबारात खल चालूच राहिला. पहारेकरी रिकाम्या खुंटीकडे बघत बसायचा. भाऊ आठवला की त्याला वाटायचं, सगळंच अडवावं. विणकर आठवला की वाटायचं, कशालाच अडवू नये.

तात्पर्य: ज्याला कोठडीत घालायचं, त्याच्या ‘का?’ला उत्तर देता येत नसेल, तर आधी हुकूम तपासावा, मग माणूस.