सत्तेचाळीस आणि एक

“पण बंद कधी पडतं?” दस्तगीरचाचांनी तिसऱ्यांदा विचारलं.

“कधीही,” मी म्हटलं. “सांगितलं ना चाचा. कधीही.”



तासगावात बाजाराच्या मागच्या बोळात चाचांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक खोली. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. लोक म्हणतात, चाचा डबा नंतर खोलतात, आधी माणसाला खोलतात.

मला त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता.

कॉम्प्युटरचा डबा रिक्षात पायाशी ठेवून आणला होता. मांडीवर दुर्वा. दुर्वा साडेतीन वर्षांची आहे. तिला झटके येतात. मिरजेच्या डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनी मिळाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची.

डॉक्टरांसमोर तिला कधीच झटका येत नाही. म्हणून मागच्या खेपेला त्यांनी सांगितलं होतं की प्रत्येक झटक्याचा व्हिडिओ काढा, वहीत लिहून ठेवा, आणि सुरुवात अंगाच्या कुठल्या बाजूनं होते ते मला दाखवा. गोळी बदलायची की वाढवायची, ते त्यावर ठरणार होतं.

मी काढले. फोन भरला की आमचे हे ते कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये घालायचे आणि फोनवरचे पुसायचे.

आणि आता ते फोल्डर उघडलं की आपोआप बंद व्हायचं. कधी लगेच, कधी मिनिटभरानं. पेनड्राइव्हवर घेतलं तर तिथंही तेच. स्टँडजवळच्या दुकानदारानं व्हायरस आहे म्हणून सांगितलं. फॉरमॅट मारतो, पेनड्राइव्हसुद्धा पुसतो, सगळं जाईल पण मशीन नव्यासारखं होईल, म्हणाला. ह्यांनी त्याला चार वाजता आणतो म्हणून कबूलही करून टाकलं होतं.

चाचांच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन झाले होते.

“पोरीला झटका कधी येतो?” चाचांनी विचारलं.

“कधीही.” तोंडातून निघून गेलं.

मग मीच वही काढली. त्यांच्यापुढं धरली. बहुतेक वेळा झोपेतून उठताना. नाहीतर ताप असला की. नाहीतर पोट रिकामं राहिलं की. तारीख, वेळ, किती सेकंद, सगळं होतं. मी म्हटलं, बघा, मी काही अशीतशी आई नाही. एकही झटका चुकवलेला नाही.

“मग कधीही कसं?”

मला राग आला होता.

चाचांनी पायानं तो डबा जरासा हलवला. “पोरीची वही आहे. ह्याची कुठाय?”

त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून दिलं, पेन्सिल दिली आणि मला मशीनसमोर बसवलं. उघडायचं. बंद पडलं की त्या वेळी आपण काय करत होतो ते लिहायचं. परत उघडायचं.

मी म्हटलं, तुम्हीच बघा ना, मला ह्यातलं काय कळतंय.

“माझ्यापुढं ते शहाण्यासारखं वागेल. तुला ओळखतंय.”

दुर्वाला मांडीवरून उतरायचं होतं, चाचांच्या डब्यातले स्क्रू हवे होते. उतरू दिलं नाही तेव्हा तिनं नेहमीसारखं माझं बोट मुठीत धरलं. ती जागी असली की माझं एक बोट तिच्याकडंच असतं. मी दुसऱ्या हातानं माऊस चालवत होते.

उघडलं. बंद. लिहिलं.

उघडलं. राहिलं... राहिलं... बंद. लिहिलं.

माझा पाय सारखा हलत होता. चाचा एका रेडिओची काच पुसत बसले होते, जणू दुकानात कुणी आलेलंच नाही.

सातव्या खेपेला मी नुसतीच बघत बसले. हात हलवला नाही. फोल्डर तसंच राहिलं. मग मी खाली सरकवायला गेले, शेवटचे व्हिडिओ बघायला... बंद.

कागदावर बघितलं. सगळीकडं तेच लिहिलं होतं माझ्याच अक्षरात. खाली गेले. खाली गेले. खाली गेले.

“चाचा, खाली गेलं की पडतंय.”

“हां.” त्यांनी काच खाली ठेवली. “‘कधीही’ गेलं की नाही? त्याला हाकलल्याशिवाय मला काही करता येत नाही.”

मग ते जवळ आले. त्यांनी सांगितलं ते मला असं कळलं की फोल्डर उघडलं की मशीन नुसत्या नावांवर भागवत नाही. प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र दाखवायचं म्हणून आपण उघडायच्या आधी ते स्वतः आत डोकावून येतं. त्यातला कुठला तरी एक असा आहे, की त्याच्यात डोकावलं की मशीनला भोवळ येते.

त्यांनी कुठंतरी दोन ठिकाणी दाबलं आणि चित्रं गेली. नुसती नावं उरली, तारखांची. खाली गेले. वर आले. परत खाली गेले. फोल्डर पडलं नाही.

मी वायर काढायला वाकले. म्हटलं, झालं चाचा, निघते, चारच्या आत ह्यांना सांगून फॉरमॅटचं थांबवायला पाहिजे.

चाचांनी वायरीवर हात ठेवला.

“डॉक्टरच्या मशीनवर चित्रं चालू असतील. तिथं पडेल. त्या एकाला शोध.”

अठ्ठेचाळीस फायली होत्या. मी म्हटलं, एकेक बघायला रात्र होईल.

“तांदूळ निवडताना एकेक दाणा उचलतेस?”

“नाही. ताटात अर्धे इकडं करते, अर्धे तिकडं.”

“मग.”

अर्धे नव्या फोल्डरमध्ये घातले. चित्रं लावली. पडलं नाही. म्हणजे खडा दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे परत दोन भाग. चोवीस, बारा, सहा, तीन. प्रत्येक वेळी फोल्डर पडलं की मी दचकायचे, आणि तरी ते पडावं असंच वाटायचं. दुर्वा आता खांद्यावर पेंगत होती. बोट सोडलं नव्हतं.

एक उरली.

नाव वाचलं आणि मी माऊसवरचा हात काढून घेतला.

“कधीची?” चाचांनी विचारलं.

“बेंदराची.”

“वहीत बघू.”

मी वही उघडली नाही. चाचांनी ती घेतली. बोट ठेवून ओळी मोजत गेले, ओठ हलत होते. शेवटाला आले. परत पहिल्यापासून मोजलं.

“सत्तेचाळीस.”

त्यांनी पडद्याकडं बोट केलं.

“इथं अठ्ठेचाळीस. वहीत सत्तेचाळीस... तू म्हणालीस एकही चुकवला नाही.”

मग सांगावं लागलं.

बेंदराच्या सकाळी दुर्वाला नवं परकर-पोलकं घातलं होतं. पाटावर मातीचे बैल मांडले होते. ती पोळीचा तुकडा त्यांच्या तोंडाशी नेत होती, आणि मी ते काढत होते. आजारासाठी नाही. नुसतंच. कितीतरी दिवसांनी नुसतंच. एका हातात फोन, दुसऱ्या हाताचं बोट तिच्याकडं.

सहा-सात सेकंद झाले असतील. ती तिरकी झाली. मी फोन टाकून दिला आणि तिला कवेत घेतलं. फोन फरशीवर आपटून बंद पडला.

एरवी जाऊबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, पोर तडफडतंय आणि हिचं शूटिंग चाललंय. त्या दिवशी त्यांनी पाणी आणून दिलं.

फोन चालू होईपर्यंत सगळं संपलं होतं. किती सेकंद, डोळे कुठं फिरले, काहीच हाताशी नव्हतं. मग वहीत काय लिहायचं? म्हणून लिहिलं नाही. पुढच्या वेळी फोन भरला तेव्हा ती फुटकी फाईलही बाकीच्यांबरोबर ह्यांच्या हातून त्या फोल्डरमध्ये गेली असणार.

“पुसून टाका चाचा,” मी म्हटलं. “हिच्यामुळं सगळं पडत होतं. हिच्यात काही नाही.”

चाचांनी ती फाईल उचलून वेगळी ठेवली. पुसली नाही. मग बाकीच्यांतली एक लावली.

पडद्यावर दुर्वा हलत होती. सगळं अंग.

दुसरी लावली. सगळं अंग.

तिसरी.

“सुरुवात कुठाय?”

मी म्हटलं, फोन आणेपर्यंत... फोन कधी ओट्यावर असतो, कधी चार्जिंगला...

आणि माझं मलाच ऐकू आलं.

चौथी मी लावली. पाचवी. सहावी. माझा हात थांबेना. कुठल्याच व्हिडिओत सुरुवात नव्हती. सत्तेचाळीस वेळा मी धावले होते आणि सत्तेचाळीस वेळा उशिरा पोचले होते. डॉक्टरांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती.

तीन वाजून गेले होते. एवढं करून उद्या सकाळी त्यांच्यापुढं मी काय ठेवणार होते?

चाचांनी वही माझ्यापुढं सरकवली. बेंदराच्या आधीची तारीख आणि नंतरची तारीख, मधे त्यांनी पेन्सिलीनं एक बारीक रेघ ओढली. पेन्सिल रेघेवर ठेवली.

“लिही.”

“काय लिहू?”

“आधी काय ताठ झालं ते.”

“मला कसं कळणार चाचा? मी तिला नुसती धरून बसले होते. फोन तर खाली पडला होता.”



चाचा माझ्याकडं बघत नव्हते. दुर्वाकडं बघत होते. ती खांद्यावर गाढ झोपली होती, तोंड उघडं, आणि माझं बोट अजून तिच्या उजव्या मुठीत होतं.

बोळातून एक सायकल घंटी वाजवत गेली...

“फोन पडला होता,” चाचा म्हणाले. “बोट कुठं होतं?”