पहिल्या पायलीचे नाव

पूर्वी गोदाकाठच्या हिरण्यपुरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या सरकारी कोठाराचा कोठारी होता. पेरणीआधी तेथून शेतकऱ्यांना बियाणे मोजून मिळे. मोजणाऱ्या मापाऱ्यांची एक जुनी रीत होती, बरं का. पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचे नाही. धान्य पिकले याचे आभार म्हणून ज्याने त्याने आपल्या देवाचे नाव घ्यायचे आणि मग 'दोन, तीन' असे पुढे जायचे. कोणी सूर्याचे नाव घेई, कोणी यक्षाचे. ज्याला कोणताच देव नसे तो नुसते 'लाभ' म्हणे. बोधिसत्त्वाला त्यात काही वावगे वाटत नसे.

नागिल नावाचा मापारी 'नागोबा' म्हणे. त्याच्याकडे पाठ करून रुद्रसेन बसे. पुकारा ऐकून तो प्रत्येक पायलीला एक खडा टोपलीत टाकी, आणि त्या खड्यांवरून किती धान्य गेले ते ठरे. रुद्रसेन कामाला चोख, पण जिभेला लगाम म्हणून नाही. एकदा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे नागिला, हे राजाचं कोठार आहे की वारूळ? उंदीर धरायला बोलावतोस होय रे तुझ्या नागोबाला?"

सगळे खो खो हसले. नागिलही हसला, पण त्याला ते फार लागले. तेव्हापासून पहिल्या पायलीला तो नाव मनातच घेऊ लागला.

आणि खडे सांगत त्याहून जास्त धान्य कोठारातून गेलेले दिसू लागले. चोरीचा आळ नागिलवर आला. माप चोरणाऱ्याला त्या राज्यातून हद्दपार करीत. नागिलची बायको पोटुशी होती. ती बोधिसत्त्वाच्या पायाशी येऊन रडली, "कोठारीदादा, अशा दिवसांत आम्ही कुठं जायचं हो?"

बोधिसत्त्व राजाकडे गेला. "महाराज, निवाड्याआधी तो रोज मोजतो तसं आपल्यासमोर मोजू द्या."

नागिलने पायली ओतली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. पुढचीला तो म्हणाला, "दोन." टोपलीत तेव्हा कुठे पहिला खडा पडला.

"रुद्रसेना, पायल्या दोन झाल्या. खडा एकच कसा?" बोधिसत्त्वाने विचारले.

"पहिल्या पायलीला आवाजच आला नाही, मग मी..." रुद्रसेन बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा! महाराज, चोरी झालीच नाही. याचं तोंड मीच बंद केलं. शिक्षा मला करा."

राजा वैतागला. "ही नावंच नकोत! उद्यापासून सगळ्यांनी 'एक' म्हणावं."

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला, "महाराज, धान्य आपलं, मापही आपलं. पण आभार ज्याचे त्यानेच मानायचे असतात. नाव घेण्यानं काम कधी अडलं नाही. ते अडलं हसण्यानं."

राजाला पटले. त्याने रीत राहू दिली आणि कोणालाही शिक्षा केली नाही.

दुसऱ्या दिवशी नागिल खणखणीत आवाजात म्हणाला, "नागोबा!" टोपलीत खडा पडला, आणि पाठीमागून रुद्रसेनाचा आवाज आला, "ऐकलं रे बाबा, ऐकलं!" नागिलला हसू आले आणि डोळ्यांत पाणीही.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, परपंथातल्या पाहुण्याच्या प्रार्थनेला आज जो हसला आणि मग ज्याने क्षमा मागितली, तो भिक्षू तेव्हाचा रुद्रसेन. तो पाहुणा नागिल होता, आणि कोठारी मीच होतो. दुसऱ्याचे आभार त्याच्याच शब्दांत आनंदाने ऐकून घेणे, हीच क्षांती, हीच खरी सहनशीलता."

ते ऐकून त्या भिक्षूने आपल्या आसनावर सरकून पाहुण्याला जागा दिली. असे सांगणारा शास्ता आपल्याला लाभला, हे आपले केवढे भाग्य!