फाट्यावरचा माणूस

एकदा एक संशयी गृहस्थ पायी रानवाटा हिंडणाऱ्या मंडळीत दाखल झाले. नाव भास्करराव. तीस वर्षे गोदामाचे कारभारी होते. लावलेले कुलूप तीनदा ओढून पाहायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. "रविवारची झोप मोडून ही माणसं फुकट डोंगर का चढतात? काहीतरी काळंबेरं असणार," असे बायकोला सांगूनच ते घराबाहेर पडले. आता बोला!

मंडळीचे प्रमुख एक वृद्ध गुरुजी. त्यांचा नियम एकच. वाटेला फाटा फुटला की गुरुजींच्या लगेच मागे असेल त्याने तिथे थांबायचे, सर्वांत शेवटच्या माणसाला वाट दाखवायची आणि त्याच्यासोबत पुढे यायचे. शेवटी असत गुरुजींच्या थोरल्या बहीण, गोदूताई. गुडघ्यांमुळे त्या मागे पडत.

पहिल्याच फाट्यावर भास्कररावांची पाळी आली. माणसे पुढे निघून गेली. गोदूताईंचा पत्ता नाही, रानात चिटपाखरू नाही. भास्कररावांचे डोके फिरले. "नवा दिसलो म्हणून मला बनवतायत! पुढे बसून हसत असतील लेकाचे!" आणि ते तडक चालू लागले.

त्यांना एकटेच आलेले पाहून गुरुजींचा चेहरा उतरला. सगळे मागे धावले. गोदूताई तासाभराने सापडल्या, चुकीच्या वाटेवर, एका पडीक खाणीच्या अगदी कडेला, काठी घट्ट धरून उभ्या. मंडळी भास्कररावांवर तुटून पडली. गुरुजींनी मात्र बहिणीला पाणी पाजले आणि पुन्हा वाट धरली.

पुढच्या फाट्यावर गुरुजींनी पुन्हा भास्कररावांनाच उभे केले. मागे पुन्हा गोदूताई एकट्याच!

"अहो गुरुजी, आता तरी दुसरा माणूस ठेवा!" मंडळी कळवळून म्हणाली.

गुरुजी भास्कररावांना शांतपणे म्हणाले, "मघाशी तुम्हाला वाटलं, आम्ही तुम्हाला सोडून गेलो. तसं नव्हतं हो. माझी बहीण मी तुमच्यावर सोडून गेलो होतो. आताही तेच करतो आहे."

गुरुजी मंडळीला घेऊन पुढे गेले. भास्कररावांनी सवयीने झुडपांमागे डोकावून पाहिले. नजर ठेवायला कुणीतरी मागे ठेवला असेलच. कुणी नव्हते. ते फाट्यावर परत आले आणि मागच्या वाटेकडे डोळे लावून उभे राहिले.

बऱ्याच वेळाने काठीचा आवाज आला. "कुठली हो वाट?" गोदूताईंनी विचारले.

"डावीकडची, ताई."

गोदूताईंनी दुसऱ्या वाटेकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ डावीकडे वळल्या.

"ताई, मघाशी मी..." भास्कररावांना रडू आवरेना.

"चला हो, आपल्यासाठी सगळे जेवायचे खोळंबलेत."

लोक आपल्याला टाकून पुढे गेले असे वाटेल, तेव्हा आपल्या मागून कोण येते आहे, एवढे पाहावे.