पांढरीवरचा दिवा

करंजा डोंगर दुरून पाहिला की बसलेल्या बैलासारखा दिसतो. वर उभा कडा, कड्याखाली पश्चिमेला झऱ्याची हिरवीगार माची आणि पूर्वेला पुढे आलेली उघडी, खडकाळ सोंड. त्या कड्यातल्या गुहेत केसरगीर महाराज राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. बायांनो, मन शांत करून ऐका.

गाव आधी सोंडेवर होतं. पटकीची साथ आली, घरंच्या घरं बसली, तेव्हा त्या वेळच्या पाटलांनी गाव माचीवर हलवलं. ज्यांना चालवेना त्यांना श्वास चालू असताना तिथंच टाकलं! शिवाय सगळ्यांनी देवीची शपथ घेतली, या पांढरीवर पुन्हा चूल पेटायची नाही. पांढरी म्हणजे गाव वसलेली माती. ती ओस पडली.

टाकलेल्यांत गोजराबाईंची आई होती. गोजराबाई तेव्हा पाळण्यात. पुढे विधवा झाल्यावर त्यांनी महाराजांचे पाय धरले. "आईच्या तोंडात शेवटचं पाणी कुणी घातलं नाही, महाराज. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "रोज तिथं दिवा लाव. तिला कळेल, कुणीतरी आलंय."

गोजराबाईंनी व्रत धरलं. गाव विटाळ मानू लागलं. त्या पाटलांचे चिरंजीव, आताचे पाटील हैबतराव, चावडीवरून ओरडत, "आल्या मेलेल्यांच्या पाटलीणबाई! काय म्हणतंय तुमचं गाव? बरं आहे ना सगळ्यांचं?" गोजराबाई पदर सावरून पुढे जात.

एका आषाढात पाऊस हटेना. झऱ्याला लाल गाळ येऊ लागला. सकाळीच महाराज चावडीवर आले. "पाटील, कडा कण्हतोय. माणसं घेऊन सोंडेवर चला."

"पटकीच्या जागेवर? शपथ मोडून?" पाटलांची नजर मागे तेलाची वाटी घेऊन उभ्या असलेल्या गोजराबाईंवर गेली. "हिनंच तुमचे कान भरलेत!" त्यांनी वाटी लाथाडली. तेल चिखलात गेलं.

"महाराज, घरात थेंब नाही," गोजराबाई म्हणाल्या. "आज दिवा राहिला."

"वात ठेव, बाई. तेलाचं मी बघतो."

चार बायका लेकरं उचलून त्यांच्यामागून सोंडेवर गेल्या. बाकीचे थांबले, कारण पाटील थांबले होते.

दुपार कलताना कडा सुटला. अर्धी माची घरांसकट दरीत गेली. हाका ऐकू आल्या, मग त्याही थांबल्या. उरलेली माणसं धुक्यात चाचपडू लागली. वाट नाही, एका बाजूला दरी. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "उजेड! त्या तिथं!" धो धो पावसात सोंडेवर एक ज्योत स्थिर उभी होती. तिच्यावर नजर ठेवून माणसं सरकत सरकत पोचली.

सगळ्यांत शेवटी पाटील आले. पाठीवर पत्नी, राधाबाई. छाती चेपलेली, पण श्वास चालू.

"बापासारखं टाकून नाही आलो," एवढंच ते म्हणाले.

गोजराबाईंनी राधाबाईंचं डोकं मांडीवर घेतलं, ओंजळीतलं पाणी तोंडात सोडलं. दोन घोट गेले. तिसरा ओघळला.

लेकरं गारठून निळी पडत होती. पडक्या भिंतींच्या आडोशाला जुनी कोरडी लाकडं होती, पण शपथ होती. सगळे पाटलांकडे बघत राहिले. पाटील उठले. त्यांनी तीन दगड मांडले, काडी घेऊन दिव्याशी वाकले, आणि तसेच थबकले. पणती कोरडी ठाक होती! थेंबभर तेल नाही, आणि वात जळत होती.

ते महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको. ज्यांना इथं टाकलं, त्यांच्या."

हैबतरावांनी त्या मातीवर कपाळ टेकलं. मग गोजराबाईंपुढे हात जोडून विचारलं, "आई, तुमच्या गावात आम्हाला चूल पेटवू द्याल?"

गोजराबाईंनी डोळे पुसले, काडी त्यांच्या हातातून घेतली आणि दिव्यावर पेटवून चुलीला लावली.

गाव आजही सोंडेवर आहे. तिथली सून चुलीला काडी लावण्याआधी टाकलेल्यांच्या नावानं पणतीत एक कोरडी वात ठेवते, आणि घटकाभर थांबते.