जांभळा अंगरखा

फार पूर्वी, चीन देशात बादशहा नावापुरताच उरला होता, तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या एका प्रांतात एक म्हातारा सुभेदार होता. किल्ला त्याचा, फौज त्याची. पण भीती त्याला आपल्याच पहारेकऱ्यांची. तिथे रीतच पडून गेली होती. पहारेकरी रुसले की सुभेदाराला मारायचे, दुसऱ्याला गादीवर बसवायचे, आणि बादशहा मुकाट्याने नव्याला सुभेदारीचं निशाण पाठवायचा.

या म्हाताऱ्याने एका अनाथ शिपायाला मुलगा मानून आपलं आडनाव दिलं होतं. शिपाईही त्याच्यावर जीव टाकायचा.

एकदा म्हाताऱ्याने पहारेकऱ्यांना गावं लुटायला मनाई केली. झालं, त्यांचं डोकं फिरलं. ते नवा जांभळा अंगरखा घेऊन त्या मानलेल्या मुलाकडे आले. तो रंग फक्त सुभेदाराने घालायचा.

"घालून बघा," त्यांचा नायक म्हणाला.

याचा अर्थ न कळायला मुलगा काही दूधखुळा नव्हता. घोडा दारातच होता, बापाला सावध करायला वेळही होता. पण तो जागचा हलला नाही. ते अंगरखा चढवू लागले तेव्हा त्याने निमूट हात वर केले. बाह्या लांब होत्या, त्या दुमडून घेतल्या.

सकाळी म्हातारा जिवंत नव्हता. काही दिवसांनी बादशहाचा दूत निशाण घेऊन आला. कोण मेलं, कसं मेलं, त्याने विचारलंही नाही.

नव्या सुभेदाराला वाटलं, आता आपण चांगला कारभार करू. करणार कसा? पहारेकऱ्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. ते गावं लुटत राहिले, हा बघत राहिला. जिवाला सोबत म्हणून त्यानेही एका पोरक्या शिपायाला मुलगा मानलं आणि त्याच्यावर खरीखुरी माया केली. या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच.

केस पिकल्यावर, जळालेली गावं पाहून तो पहारेकऱ्यांना एकदाच म्हणाला, "आता पुरे." त्या दिवशी जेवताना मुलाने मान वर केली नाही.

"आले होते ते?" सुभेदाराने विचारलं.

"हो, बाबा."

"तू काय म्हणालास?"

"काहीच नाही."

सुभेदाराने दाराकडे पाहिलं. पळावं तर दारावर पहारा त्यांचाच.

"अंगरखा बसला?"

"बाह्या लांब आहेत."

"माझ्याही होत्या. दुमडून घे."

काही दिवसांनी दूत निशाण घेऊन आला. याही वेळी त्याने काही विचारलं नाही.

तात्पर्य: अन्यायापुढे एकदा निमूट हात वर केले, की पुढे नाही म्हणायला उशीर झालेला असतो, आणि तो उशीर आपल्या मुलांच्याही वाट्याला येतो.